पांढऱ्या झेंड्याचं जहाज

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर काय करावं हा प्रश्न कधी पडलाच नाही. ह्यांचं काय करावं हा प्रश्न मला पडायचा. नोकरी होती तोवर ते चिंचवडच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढत आणि वर्षातले दोन महिने चौकातल्या गणेश मंडळाचे हलते देखावे करत. आधी कारखान्याने निरोपाचा नारळ दिला, पुढे मंडळातल्या पोरांनीही दिला, कारण पोरांची भक्ती देखाव्यापेक्षा स्पीकरच्या भिंतीवर जास्त होती. मग आम्ही मुलाकडे ऑकलंडला आलो, पापाकुराला, आणि तिथे ह्यांना मोकळं गॅरेज सापडलं. मोकळं म्हणजे त्यात मुलाची गाडी असायची. ती बाहेर पावसात गेली आणि आत अठराव्या शतकातलं एक फ्रेंच लढाऊ जहाज बांधायला घेतलं गेलं.

घरच्या गणपतीपुढे फ्रेंच जहाज कशाला, असं मी विचारलं.

“इथे चारी बाजूंनी समुद्र आहे,” हे म्हणाले. “प्रतापगड केला तर कुणाला कळणार?”

जसं काही पापाकुराच्या घराघरांत संध्याकाळी फ्रेंच आरमारावर चर्चा रंगते. खरं कारण असं की लायब्ररीत ह्यांना जहाजांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं आणि त्यातलं एक जहाज सगळ्या बाजूंनी, आतून-बाहेरून, काढून दाखवलेलं होतं. ड्रॉइंग दिसलं की ह्यांचं भान जातं. लग्नाच्या वेळी माझा फोटो मात्र एकाच बाजूने पाठवला होता, तरी चालला.

जहाजाची हकिगत झकास होती, हे मान्य करायला हवं. ते राजाचं जहाज नव्हतं. सेंट मालोच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ते बांधलं, राजाकडून परवाना घेतला आणि इंग्रजांची मालवाहू जहाजं लुटायला पाठवलं. परवान्याशिवाय लुटलं की समुद्री चाचा, परवाना काढून लुटलं की देशभक्त. लूट बंदरात आणायची, ती कायदेशीर असल्याचा शिक्का कोर्टातून मारून घ्यायचा आणि मग सगळ्यांनी वाटून खायची. मी सोसायटीच्या कमिटीत काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे ही पद्धत मला फार परकी वाटली नाही.

बरेच दिवस जहाजाची चंगळ होती. कधी साखर हाती लागे, कधी दारू, कधी लोकर. मग एका धुक्याच्या सकाळी समोर इंग्रजांचं एक लठ्ठ, संथ व्यापारी जहाज दिसलं. कप्तानाच्या तोंडाला पाणी सुटलं. सगळी शिडं लावून तो मागे लागला. अगदी जवळ गेल्यावर त्या लठ्ठ जहाजाने अंगावरचे रंगवलेले पडदे काढले आणि आतून तोफांच्या दोन रांगा बाहेर आल्या. ती युद्धनौका होती, सोंग घेऊन बसलेली. दुपारपर्यंत लढाई चालली, डोलकाठ्या मोडल्या, आणि शेवटी कप्तानाने स्वतःच्या हाताने झेंडा उतरवला. तो दुसऱ्या कुणी उतरवायचा नसतो म्हणे, अशी रीत. पुढची गोष्ट त्याहून भारी. इंग्रजांनी जहाज बुडवलं नाही. त्याची डागडुजी केली, नवा रंग दिला, आपला झेंडा लावला आणि त्यालाच फ्रेंचांची जहाजं पकडायच्या कामाला जुंपलं.

हे सगळं ह्यांनी जेवताना रंगवून सांगितलं. मी उभी राहून पोळ्या लाटत होते. मला आधी हसू आलं, आणि मग ते हसू कुठे गेलं कळलं नाही.

कारण आम्हीही असेच शिडं लावून आलो होतो. “आई, सहा महिने या. तळी बघा, डोंगर बघा, आराम करा,” असं मुलगा फोनवर म्हणाला होता. लांबून सुट्टी अशी छान लठ्ठ आणि संथ दिसत होती. जवळ आल्यावर पडदे निघाले. मुलगा पेनरोजच्या एका गोदामात मालाच्या ट्रकांचं नियोजन करतो, उजाडायच्या आधीची गाडी पकडतो. सून दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला. नातीचा डबा, तिला शाळेतून आणणं, सगळ्यांचं जेवण, वाळत घातलेले कपडे पाऊस आला की पळत जाऊन काढणं, आणि तिथे पाऊस तासातासाला येतो. मग आमची डागडुजी झाली. मला नवा चष्मा, ह्यांना जाड जॅकेट, दोघांना चालायचे बूट. सहा महिन्यांचा व्हिसा वाढवून घेतला, तो संपला तसा आणखी वाढवला. आता दुसरा हिवाळा चालू होता.

मुलगा वाईट नाही, हे सांगून टाकते. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. तो रोज दमून यायचा आणि तरी माझ्यासाठी डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आलं आणि कोथिंबीर आणायचा, आपल्याकडे सोन्याला जपतात तसं जपून. सून मला उलट बोलत नाही. नातीला मराठीतलं सगळं समजतं आणि ती इंग्रजीत सगळं नाकारते. माझी तक्रार कुणाविरुद्ध नव्हती, त्यामुळे ती कुणाकडे करायची हेच कळत नव्हतं.

चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास होता. लग्नानंतर सुरू केला, मुलगा झाला तेव्हा जेमतेम महिनाभर बंद ठेवला. मुली ब्लाउजचा गळा बिघडवायच्या, मी उसवायला लावायची, त्या रडायच्या आणि पुढच्या वर्षी लग्नाचे ब्लाउज शिवून घ्यायला माझ्याकडेच यायच्या. ऑकलंडला निघताना मी मशीनवर चादर घातली आणि फळ्यावर ‘दसऱ्यानंतर’ असं लिहून आले. तो दसरा कधीच होऊन गेला होता.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मुलगा जेवता जेवता म्हणाला, “आई, चिंचवडच्या घराला चांगलं गिऱ्हाईक आलंय. तुम्ही आता इथेच राहणार, मग रिकामं घर कशाला ठेवायचं? विकून इथे मोठं घेऊ. तुम्हाला सेपरेट रूम, बाबांना डबल गॅरेज.”

त्याने विचारलं नाही, सांगितलं. ह्यांनी ‘डबल गॅरेज’ एवढंच ऐकलं असावं, कारण चेहरा उजळला. मी ताटं उचलली. आमच्या घरात बाई गप्प राहिली की तिचा होकार धरतात. मी इतकी वर्षं गप्प राहत आले होते, त्यामुळे होकारांचा माझा साठा मोठा होता. घर दोघांच्या नावावर आहे आणि माझ्या सहीशिवाय ते विकता येत नाही, याची त्या जेवणात कुणी आठवण काढली नाही. मीही नाही.

दुसऱ्या रविवारी सगळे अवोन्डेलच्या बाजारात गेलो. मुलाला भाजी घ्यायची होती, ह्यांना भंगार. तिथे ह्यांना गाडीच्या वायपरची मोटर मिळाली, समुद्र हलवायला. आणि मला एका म्हाताऱ्या बाईच्या टेबलाखाली हाताने फिरवायचं शिवणयंत्र दिसलं. मी त्याचं चाक फिरवलं. सुई वर-खाली झाली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “डोळ्यांत काय गेलं?” हे म्हणाले. मी म्हटलं, “वारा.” शिडं शिवायला लागेल म्हणून यंत्र घेतलं गेलं. माझ्यासाठी नव्हे, फ्रान्ससाठी.

शिडं मी जुन्या बेडशीटची शिवली. तिथल्या बेडशीटांना चारी बाजूंनी इलॅस्टिक असतं, त्यामुळे वारा नसतानाही शिडं मस्त फुगली. हे खूश झाले. मग म्हणाले, “आता दोन झेंडे. एक इंग्रजांचा, त्याची प्रिंट आपला मुलगा काढून आणेल. आणि एक फ्रेंचांचा, पांढरा.”

“नुसता पांढरा?”

“त्या काळी त्यांच्या राजाचा पांढराच होता. पुस्तकात आहे.”

“अहो, लोकांना वाटेल आधीच शरण आलेत.”

“लोकांना इतिहास समजावून सांगावा लागतो,” हे म्हणाले, आणि समजावायचं काम नेहमीसारखं माझ्याकडे आलं, कारण देखाव्याची कॉमेंट्री माझ्या आवाजात रेकॉर्ड व्हायची होती. क्लास घेऊन घेऊन माझा आवाज खणखणीत झालाय असं सुनेचं मत पडलं.

कॉमेंट्री ह्यांनी लिहिली, मंडळाच्या ठेवणीतल्या भाषेत. त्यात फ्रेंच कप्तान ‘गड्यांनो, प्राण गेला तरी बेहत्तर’ असं म्हणत होता आणि दर्याला दर्याराजा म्हणत होता. इंग्रज सेनापतीचा आवाज मुलाचा. त्याला वाक्य दिलं होतं, ‘कप्तान, तुमच्या शौर्याला आमचा मुजरा.’ दिवसभर गोदामात ड्रायव्हरांशी बोलून आलेला तो, फोनवर रेकॉर्ड करताना म्हणाला, “स्वीट अ‍ॅज, कप्तान. तुमच्या शौर्याला मुजरा.” तिथले ड्रायव्हर ‘एकदम झकास’ला असंच म्हणतात. हे चिडले. नात हसून हसून लोळली. मी म्हटलं राहू द्या, आणि राहिलं.

गणपती बसले. शाडूची छोटी मूर्ती मागे उंचावर, दीपगृहाच्या बाजूला. पुढे निळ्या ताडपत्रीचा समुद्र, त्यात जवळजवळ नातीच्या उंचीचं जहाज आणि समोर सोंग घेतलेलं ते इंग्रजांचं लठ्ठ जहाज. मोटर लावली की लाटा वर-खाली होत, जहाज डुलू लागे, तोफांच्या जागी लाल बल्ब लागत. धुक्यासाठी धूप. पहिल्याच दिवशी धुकं असं जमलं की छतावरचा स्मोक अलार्म कोकलायला लागला आणि शेजारची माओरी आजी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत धावत आली. “किया ओरा, एव्हरीथिंग ऑल राइट?” समोर गणपती, धूर, तोफा आणि सोवळ्यात उभे आमचे हे. सुनेने तिला मोदक दिला. तिने तो खाल्ला, जहाज नीट बघितलं आणि पांढऱ्या झेंड्याकडे बोट करून मला म्हणाली, “दे गेव्ह अप अर्ली, डिअर.” पुढच्या दिवसापासून मुलगा खेळापुरती अलार्मला शॉवर कॅप घालू लागला.

येणारा प्रत्येक जण तेच म्हणाला. लढाई सुरू व्हायच्या आधीच लोक म्हणायचे, “काका, हे तर शरण आलेत की.” हे हताश होऊन सांगायचे, अहो तो त्यांचाच झेंडा आहे, ते त्याच्याखालीच लढले. लोक मान डोलवायचे आणि कुणाला पटायचं नाही. मी समुद्रामागच्या पडद्याआड दोन दोऱ्या धरून बसलेली असायचे: एक ओढली की पांढरा खाली, दुसरी ओढली की इंग्रजांचा वर. पडद्याला एक भोक होतं, त्यातून मला सगळे दिसत, मी कुणाला दिसत नसे. बाहेर माझा आवाज, आत मी. पहिल्या दोन-तीन दिवसांत मी इमानेइतबारे झेंडा उतरवला. प्रत्येक वेळी मला वाईट वाटलं, आणि बेडशीटच्या तुकड्यासाठी आपण का हळहळतोय म्हणून स्वतःचा रागही आला.

तिथल्या मराठी मंडळाची घरगुती आराशीची स्पर्धा होती. परीक्षक म्हणून एक निवृत्त गृहस्थ यायचे होते. तेही आमच्यासारखेच, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेले, चौथ्या वर्षात. ते आले त्या संध्याकाळी घर भरलं होतं. मुलगा शिकायला आला तेव्हापासूनचे त्याचे मित्र, त्यांच्या बायका, सगळ्यांचे मोजे. परीक्षकांनी जावयाचंच असावं असं ढगळ जॅकेट घातलं होतं. दिवे घालवायच्या आधी मुलगा पुढे झाला.

“एक गोड बातमी आहे,” तो म्हणाला. “आई-बाबा आता कायमचे इथे राहणार. चिंचवडचं घर आपण देऊन टाकतोय. पुढच्या आठवड्यात फायनल.”

टाळ्या झाल्या. कुणीतरी “मस्त, काकू सुटल्या,” असं म्हणालं. कशातून सुटले ते सांगितलं नाही. मी पडद्याआड होते, त्यामुळे माझं अभिनंदन करायला कुणाला मी सापडले नाही. भोकातून मला मुलाचा चेहरा दिसत होता. इतका आनंदी तो बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता, आणि मला वाटलं, आता बोलणं म्हणजे पाप आहे. दिवे गेले.

लाटा हलल्या. धूप पसरला. लठ्ठ जहाजाचे पडदे पडले, बल्ब लागले, डोलकाठी दोरीने वाकली. ह्यांचा कप्तान दर्याराजाला साकडं घालून मोकळा झाला. मग माझा आवाज आला, खणखणीत: “...आणि तो शुभ्र झेंडा, दर्याला अखेरचा नमस्कार करून, अलगद खाली आला.”

माझ्या हातात दोरी होती. मी ती ओढली नाही. ठरवलं वगैरे काही नव्हतं. माझाच आवाज मला सांगत होता की झेंडा खाली आला, आणि मी बघत होते, तो वरच होता.

“अगं, दोरी,” हे कुजबुजले.

“दोरी ठीक आहे,” मी म्हटलं.

“मग ओढ की.”

“नाही.”

रेकॉर्डिंगला यातलं काही ठाऊक नव्हतं. “स्वीट अ‍ॅज, कप्तान. तुमच्या शौर्याला मुजरा,” मुलाचा आवाज म्हणाला, आणि लोक हसले. इंग्रजांचा झेंडा खाली ताडपत्रीवर पडून राहिला. जहाज आपलं डुलत होतं. कुणीतरी दिवे लावले. मुलगा सारवासारव करत म्हणाला, “म्हणजे शरण आले, असं समजा. पांढरा झेंडा आहेच.”

“नो, डॅडी,” नात पुढच्या रांगेतून उठली. रोज खेळ बघून तिला सगळं पाठ होतं. “दॅट्स नॉट सरेंडर. दॅट्स जस्ट देअर फ्लॅग. आजी मेड इट.”

मी पडदा बाजूला करून बाहेर आले.

“ती बरोबर सांगतेय,” मी म्हटलं. “चिंचवडचं घर विकायचं नाही. त्याला माझी सही लागते आणि मी ती करणार नाही. या दसऱ्याला मी माझ्या घरी असेन.”

वायपरची मोटर तेवढी किरकिरत होती. सून हातात मोदकांचं ताट घेऊन उभी होती, तिने ते माझ्याकडे बघत सावकाश खाली ठेवलं. परीक्षक खाकरून म्हणाले, “शेवट अनपेक्षित आहे.” त्यांनी नंतर आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. जाताना जॅकेटची चेन लावत मला हळूच विचारलं, “तिकीट काढलंत की नुसतंच बोललात?” मी म्हटलं, काढणार आहे. ते म्हणाले, “काढा,” आणि मुलगी गाडीचा हॉर्न वाजवत होती म्हणून घाईने गेले.

लोक गेल्यावर मुलगा भांडी घासायला लागला. डिशवॉशर असताना हाताने घासत होता, यावरून तो किती दुखावलाय ते समजलं.

“आई, सगळ्यांसमोर?”

“तूही सगळ्यांसमोरच सांगितलंस.”

“मला वाटलं तुला इथे आवडतं. तू कधी काही बोलली नाहीस.”

“तू कधी विचारलंस का?”

तो पातेलं घासत राहिला. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी मार्क कमी पडले की व्हायचे तसे. मला त्याची माया आली आणि त्याच वेळी मी अजिबात मागे हटणार नव्हते. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, “तू मला आवडतोस. तुझी पोरगी आवडते. पण मी इथे तुझ्या घरी असते रे. माझ्या घरी नसते.” त्याने नळ बंद केला. मग ओल्या हातानेच माझा खांदा धरला.

ह्यांनी दोन दिवस गॅरेजमध्ये अबोला धरला. तिसऱ्या दिवशी आत आले. “आणि माझं काय?”

“तुमचं तुम्ही ठरवा,” मी म्हटलं. “झेंडा ज्याचा त्याने उतरवायचा असतो ना?”

ते ठरवायला त्यांना संध्याकाळपर्यंत वेळ लागला. “मीही येतो,” म्हणाले. “तुझ्या मशीनला तेल कोण घालणार?” याचा अर्थ चहा कोण करणार, हे मला पस्तीस वर्षांच्या अनुभवाने समजतं, पण मी अर्थ लावत बसले नाही. दोन तिकिटं काढली.

आता चिंचवडला क्लास चालू आहे. फळ्यावरचं ‘दसऱ्यानंतर’ मी पुसलं नाही; खरं झालं म्हणून ठेवलंय, जरा उशिरा झालं इतकंच. मुलींचं गळा बिघडवणंही जोरात आहे. हे मंडळाच्या पोरांना फ्रेंच जहाज पटवायचा प्रयत्न करतात, पोरं ‘बघू काका’ म्हणतात.

परवा दुपारी क्लास चालू असताना मुलाचा व्हिडिओ कॉल आला. तो गॅरेजमधून बोलत होता. नातीने फोन हिसकावून मला जहाज दाखवलं; ते अजून तिथेच आहे, पांढऱ्या झेंड्यासकट, आणि गाडी अजून पावसात. मग मुलगा परत स्क्रीनवर आला. इकडचं-तिकडचं बोलला. आलं महाग झालंय म्हणाला.

“आई,” तो म्हणाला, “तुला यावंसं वाटतं का परत? वाटलं तर कधी येशील?”

एवढ्या आयुष्यात त्याने मला पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि मला लगेच हो म्हणावंसं वाटलं.

“विचार करून सांगते,” मी म्हटलं, आणि गळ्यातली टेप काढून समोर उभ्या असलेल्या मुलीचं माप घ्यायला लागले.